रेट उतरेपर्यंत थांबायचं का? घर कुठे बघताय त्यावर ठरेल
अमेरिकेत घर घेऊ पाहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पहिल्याच भेटीत जवळजवळ प्रत्येक कुटुंब आम्हाला विचारतं, "गृहकर्जाचा रेट खाली येईपर्यंत थांबू का?" न्यू जर्सीत घर बघणाऱ्याला आम्ही जे सांगतो, तेच ऑस्टिनमध्ये बघणाऱ्याला सांगितलं तर त्याचं नुकसान होईल. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

फ्रेडी मॅक या गृहकर्जं विकत घेणाऱ्या कंपनीच्या साप्ताहिक पाहणीत 30 वर्षांच्या फिक्स्ड (न बदलणाऱ्या दराच्या) कर्जाचा सरासरी दर जानेवारी 2021 मध्ये 2.65 टक्के होता, आजवरचा नीचांक. ऑक्टोबर 2023 मध्ये तो 7.79 टक्क्यांवर पोचला. चार लाख डॉलरच्या कर्जाचा हप्ता 3 टक्क्यांनी साधारण 1,686 डॉलर बसतो आणि 7 टक्क्यांनी 2,661. प्रॉपर्टी टॅक्स आणि इन्शुरन्स त्यावर वेगळे.

एवढा हप्ता वाढल्यावर किमती पडतील असं अनेकांना वाटलं होतं. देशभराचा विचार केला तर तसं झालं नाही, कारण घेणाऱ्यांबरोबर विकणारेही मागे हटले. जुनं कर्ज उचलून नव्या घरावर नेता येत नाही. 3 टक्क्यांचं कर्ज असलेल्या माणसाने घर विकलं की तो दर त्याच्या हातून कायमचा जातो. त्यामुळे जागा अपुरी पडली तरी लोक बेसमेंट फिनिश करून तिथेच राहतात. 2024 मध्ये रीसेल घरांची विक्री जेमतेम 40.6 लाखांवर आली, 1995 नंतरची सर्वात कमी. त्यात जुना अनुशेषही आहे. 2005 मध्ये 20 लाखांहून जास्त घरांचं बांधकाम सुरू झालं होतं, 2009 मध्ये फक्त साडेपाच लाखांच्या आसपास.

ईशान्य आणि मिडवेस्ट

न्यू जर्सी, कनेटिकट, बफेलो, रॉचेस्टर या पट्ट्यात मोकळी जमीन कमी आणि झोनिंगचे (कुठे काय बांधता येईल याचे) नियम कडक, त्यामुळे नवं बांधकाम मागणीला पुरत नाही. इथे रेट उतरला तर थांबलेले सगळेच घेणारे एकदम बाहेर पडतील आणि हप्त्यात वाचलेलं किमतीत जाईल, असं आमचं स्पष्ट मत आहे. हप्ता आज झेपत असेल तर थांबू नका. पुढे दर खरंच उतरला तर रीफायनान्स (जुनं कर्ज फेडून नव्या दराचं कर्ज घेणं) करता येतं. त्याचाही खर्च असतो, तो आधी विचारात घ्या.

न्यू जर्सीत एजंटने तयार केलेल्या करारावर सह्या झाल्यानंतर वकिलांसाठी तीन कामकाजी दिवसांचा अवधी असतो. तेवढ्यात विकणारा करारातून बाहेर पडू शकतो आणि घर दुसऱ्याला देऊ शकतो. सही झाली म्हणून निवांत होऊ नका, वकील आधीच ठरवून ठेवा. घाई असली तरी इन्स्पेक्शन सोडू नका. ऑफर जिंकण्यासाठी ते सोडलेली आणि नंतर पाया, छप्पर यांवर मोठा खर्च करून बसलेली कुटुंबं आम्ही पाहिली आहेत.

मिडवेस्टमध्ये मिलवॉकी, शिकागो इथेही घरं कमीच निघतात, पण किनाऱ्यांच्या मानाने किमती आवाक्यातल्या आहेत.

कॅलिफोर्निया

इथे विकणाऱ्याच्या पायात दोन बेड्या आहेत. एक स्वस्त कर्जाची, दुसरी प्रॉपर्टी टॅक्सवरच्या 1978 च्या प्रपोझिशन 13 या कायद्याची. टॅक्ससाठी धरलेलं घराचं मूल्य वर्षाला 2 टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही, आणि घर विकलं गेलं की ते नव्याने बाजारभावावर ठरतं. शेजारी किती टॅक्स भरतो यावरून स्वतःचा अंदाज बांधू नका.

टेक्सास आणि फ्लोरिडा

इथलं चित्र उलट आहे. परवाने सहज मिळतात, बिल्डरांनी भरपूर बांधलं, आणि ऑस्टिनमध्ये किमती 2022 च्या शिखरावरून उतरल्या. विक्रीला असलेली घरं सध्याच्या वेगाने संपायला किती महिने लागतील, हा आकडा एजंटला विचारा. पाच-सहा महिने म्हणजे समतोल. त्याहून जास्त असेल तर बिनधास्त घासाघीस करा.

बिल्डर किमतीपेक्षा रेट कमी करून द्यायला लवकर तयार होतात. मात्र "2-1 बायडाउन" म्हणजे व्याजदरात पहिल्या वर्षी 2 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 1 टक्का सूट, तिसऱ्या वर्षापासून पूर्ण दर. कायमचा दर कमी करून मिळत असेल तर तोच मागा.

टेक्सासमध्ये नव्या घराचा पहिल्या वर्षाचा टॅक्स फसवा असतो. 1 जानेवारीला घर अर्धवट असेल तर आकारणी बहुतांशी जमिनीवर होते. पुढच्या वर्षी पूर्ण घराचा टॅक्स लागतो, एस्क्रोत (हप्त्यातून टॅक्स आणि इन्शुरन्ससाठी बाजूला ठेवलेल्या खात्यात) तूट येते आणि हप्ता महिन्याला काहीशे डॉलरनी वाढू शकतो. हे आधी कोणी न सांगितल्यामुळे हवालदिल झालेले लोक आमच्याकडे येतात.

फ्लोरिडात इन्शुरन्सचं कोटेशन ऑफरच्या आधी घ्या. काँडो (इमारतीतला मालकीचा फ्लॅट) असेल तर असोसिएशनचा राखीव निधी आणि इमारतीचा तपासणी अहवाल मागून घ्या. 2021 मध्ये सर्फसाइडची इमारत कोसळून 98 जण गेले. त्यानंतर तीन किंवा अधिक मजल्यांच्या काँडोंसाठी नियम कडक झाले, आणि दुरुस्तीचा भार मालकांवर येतोय. स्वस्तात निघालेल्या काँडोमागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

फेडने दर कापला म्हणजे मॉर्टगेज उतरलं, असं नाही

सप्टेंबर 2024 मध्ये फेडरल रिझर्व्हने (फेड, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक) आपल्या दरात अर्ध्या टक्क्याची कपात केली. तेव्हा 6.08 टक्क्यांवर असलेला मॉर्टगेज (गृहकर्जाचा) दर जानेवारी 2025 मध्ये 7 टक्क्यांच्या वर गेला. मॉर्टगेजचा दर 10 वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या परताव्यामागे चालतो. फेडच्या बैठकीची तारीख बघून रेट लॉक (कर्जाचा दर पक्का) करायचं लांबवू नका.

एच-1बी वर असलेल्यांसाठी: 25 मे 2025 पासून एफएचए कर्ज (सरकारी विम्याचं गृहकर्ज) कायम रहिवासी नसलेल्यांना मिळत नाही. कन्व्हेन्शनल (सरकारी विमा नसलेल्या) कर्जाचा मार्ग खुला आहे, त्यासाठी भेटीला येताना आय-797 (व्हिसा मंजुरीची नोटीस), दोन वर्षांचे डब्ल्यू-2 (वर्षाच्या पगार आणि कराचा फॉर्म) आणि अलीकडच्या पे स्टब्ज (पगाराच्या पावत्या) आणा. घर आधीच पसंत केलं असेल तर त्याचं शेवटचं टॅक्स बिलही सोबत असू द्या.