कालानुसारी औषधवितरण

शरीरातील सुमारे चोवीस तासांची जैविक लय लक्षात घेऊन, रोगाचा जोर ज्या वेळी वाढतो त्याच वेळी औषध रक्तात उतरावे अशा बेताने गोळी, कॅप्सूल किंवा अन्य साधन घडविण्याच्या पद्धतीला कालानुसारी औषधवितरण म्हणतात. ती औषधनिर्माणशास्त्र आणि जैवलयविज्ञान या दोहोंच्या सीमेवरील शाखा आहे.

मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, सुमारे २०,००० चेतापेशींचा एक पुंजका असतो. डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशाशी तो स्वतःची लय जुळवून घेतो आणि यकृत, हृदय, फुप्फुसे अशा अवयवांतील घड्याळांना सूत्रात ठेवतो. ही घड्याळे पेशीच्या आत कशी चालतात याचा उलगडा फळमाशीतील ‘पीरियड’ जनुकाच्या अभ्यासातून झाला आणि त्यासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. उंदरांवरील २०१४ मधील एका अभ्यासात प्रथिने घडविणाऱ्या जनुकांपैकी ४३ टक्के जनुके कोणत्या ना कोणत्या अवयवात दिवसाच्या लयीने कमी-अधिक सक्रिय होताना आढळली. औषधाच्या वेळेला महत्त्व का, हे या एका आकड्यावरून ध्यानात येते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण रुमॅटॉइड आमवाताचे आहे. या रुग्णाची बोटे सकाळी उठल्यावर इतकी आखडलेली असतात की चहाचा कप धरणेही अवघड जाते, कारण दाह वाढविणारे इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन रात्रीच्या उत्तरार्धात वाढत जाते. आदल्या सकाळी न्याहारीनंतर घेतलेल्या, दाह कमी करणाऱ्या प्रेडनिसोनच्या गोळीचा प्रभाव तोवर ओसरलेला असतो. यावर उपाय म्हणून रात्री दहाच्या सुमारास घ्यायची आणि सुमारे चार तासांनी औषध सोडणारी गोळी तयार करण्यात आली. कोलेस्टेरॉलची यकृतातील निर्मिती रात्री अधिक होते, म्हणून ती निर्मिती रोखणारे पण शरीरातून लवकर निघून जाणारे सिम्व्हास्टॅटिन रात्री देतात. त्याच वर्गातील अॅटोर्व्हास्टॅटिनचा प्रभाव दीर्घकाळ टिकत असल्याने त्याला असे बंधन नाही. दमाही बहुधा पहाटेच उसळतो.

औषध रोखून धरण्याचे काम मुख्यतः आवरण करते. काही आवरणे पाण्याने फुगून हळूहळू झिजतात, तर काही जठरातील आम्लात टिकून आतड्याच्या कमी आम्ल भागातच विरघळतात. कराड आणि सांगलीतील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत विद्यार्थी औषध किती वेगाने विरघळते याची जी चाचणी शिकतात, तिच्यातच या गोळीची परीक्षा होते : ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या काचपात्रात गोळी आधी दोन तास १.२ सामूच्या आम्लात आणि नंतर ६.८ सामूच्या फॉस्फेट द्रावणात ठेवतात व ठरावीक अंतराने नमुना काढून त्यातील औषध मोजतात. आलेखाची रेषा ठरलेल्या अवधीपर्यंत सपाट राहून मग एकदम उभी चढली, तरच आवरण साधले असे म्हणता येते.

मात्र वेळेचा दावा प्रत्येक औषधाला लागू पडत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या रात्री घेणे हितकर ठरते असा समज बळावला होता. परंतु ब्रिटनमधील २१,१०४ रुग्णांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सकाळी आणि सायंकाळी गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांबाबत लक्षणीय फरक आढळला नाही. असा निष्कर्ष या शाखेला कमीपणा आणत नाही, उलट तिच्या दाव्यांना शिस्त लावतो.

सांगली-सातारा पट्ट्यात या विषयाला एक वेगळी बाजू आहे, आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. गळीत हंगामात साखर कारखाने रात्रंदिवस तीन पाळ्यांत चालतात, आणि शेतीपंपाला रात्री वीज असली की उसाला पाणी देण्यासाठी शेतकऱ्याला दारे धरायला जावे लागते. औषधाच्या पाकिटावर ‘रात्री झोपताना’ असे लिहिले असेल, तर रात्रपाळी करून आलेला कामगार ती गोळी सकाळी घरी येऊन घेतो. ‘रात्री दहा’ असे लिहिले असेल, तर तेच औषध तो यंत्रापाशी उभा असताना, मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास सुटते. दर आठवड्याला पाळी बदलत असेल तर मेंदूतील घड्याळ पुरते उलटतही नाही, आणि यकृताचे घड्याळ जेवणाच्या वेळांकडे ओढले जाते. त्यामुळे अशा रुग्णासाठी औषधाची वेळ ठरविताना वैद्यांनी त्याची पाळी, झोपेची वेळ आणि जेवणाची वेळ या तिन्ही गोष्टी आधी विचारणे आवश्यक ठरते.