मोकळ्या नद्या: खळाळ ओलांडण्यापासून कायद्यापर्यंत

दऱ्यांमधून वाहणाऱ्या नद्यांत खळाळ बहुधा उपनाल्याच्या तोंडाशी तयार होतो. बाजूच्या घळीतून पुराबरोबर आलेले धोंडे मुख्य पात्रात साचतात, पात्र आवळले जाते, वरच्या अंगाला पाणी तुंबते आणि धोंड्यांमधून वाट काढत एकदम खाली कोसळते. २४ मे १८६९ रोजी भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल नऊ जणांसह चार होड्या घेऊन अमेरिकेतल्या, पुढे कोलोरॅडो नदीला मिळणाऱ्या ग्रीन नदीत उतरले, तेव्हा त्यांच्या होड्या अशा पाण्यासाठी घडवलेल्या नव्हत्या. तीन होड्या ओक लाकडाच्या, २१ फूट लांब आणि जड होत्या. तळाला कणा असल्याने त्या सरळ छान चालत, पण पटकन वळत नसत. शिवाय वल्हेकऱ्यांची पाठ प्रवाहाच्या दिशेला असे, म्हणजे पुढचा खळाळ त्यांना दिसतच नसे. अवघड जागी काठावरून दोर धरून होडी खाली सोडावी लागे, नाहीतर सामान खांद्यावर घेऊन चालावे लागे. एक होडी लोडोरच्या दरीत फुटली. ३० ऑगस्टला कोलोरॅडोवरची ग्रँड कॅन्यन ही दरी पार करून व्हर्जिन नदीच्या संगमाशी पोहोचलेले सहाच जण होते.

यावरचा उपाय पुढे नॅथॅनिएल गॅलोवे यांच्या पद्धतीने रूढ झाला. त्यांची होडी हलकी, सपाट तळाची होती आणि वल्हवणारा खळाळाकडे तोंड करून बसे. वल्ही प्रवाहाविरुद्ध मारली की होडीचा वेग पाण्यापेक्षा कमी होतो. होडी जराशी तिरपी धरली, तर तीच वल्ही तिला बाजूला सरकवतात. धोंड्यापासून दूर जाण्याची ही रीत आजच्या रबरी राफ्टवरही तीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे जादा रबरी तराफे बाजारात आले, तशी ही वाट सामान्य हौशी लोकांनाही खुली झाली.

नद्या प्रत्यक्ष पाहिलेल्या याच लोकांमधून त्यांचे पाठीराखे उभे राहिले. जॉन आणि फ्रँक क्रेगहेड या जुळ्या जीवशास्त्रज्ञ भावांनी मोकळ्या, म्हणजे धरणांनी न अडवलेल्या नद्यांना कायद्याचे कवच मिळावे असा आग्रह धरला. २ ऑक्टोबर १९६८ रोजी अमेरिकेत तो कायदा झाला, सुरुवात आठ नद्यांच्या टप्प्यांपासून झाली. वन्य, निसर्गरम्य आणि विहारयोग्य असे तीन वर्ग ठरले. वन्य टप्प्यावर बांध नसावा आणि तिथे सहसा पायवाटेनेच पोहोचता यावे, अशी अट होती. काठाची राखीव पट्टी मात्र सरासरी दोन्ही बाजूंना पाव पाव मैल एवढीच. कायदा फार मोलाचा आहे, यात शंका नाही. पण तो नदीचा तुकडा राखतो आणि नदी तुकड्यांनी जगत नाही.

ग्रँड कॅन्यनमध्ये हे स्पष्ट दिसते. १९१९ पासून तो राष्ट्रीय उद्यान आहे, तरी १९६३ मध्ये वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि उद्यानातली कोलोरॅडो नदीच बदलली. गाळ जलाशयात अडकला. जलाशयाच्या खोल थरातले पाणी थंडगार बाहेर पडू लागले. कुबडधारी चब या स्थानिक माशाला अंडी घालायला ऊब लागते, त्यामुळे त्याची मोठी भिस्त लिटल कोलोरॅडो या उपनदीवर राहिली. झिजलेले वाळूचे काठ पुन्हा भरावेत म्हणून १९९६ मध्ये धरणातून मुद्दाम पूर सोडला गेला. पण पात्राच्या तळाशी पुरेशी वाळू नव्हती, म्हणून पाण्याने बरीचशी वाळू जुन्याच काठांची उचलली. त्यामुळे आता पारिया उपनदीतून वाळू आल्यानंतर पूर सोडण्यावर भर असतो. तिकडे मेक्सिकोत, कोलोरॅडोच्या मुखाशी राहणाऱ्या कुकापा या आदिवासी मासेमारांची ही नदी बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोहोचतच नाही.

माणसे किती नाजूक वेळापत्रकावर विसंबून असतात, हे कंबोडियात पाहावे. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी चढते की तिला मिळणारी तोन्ले साप नदी उलटी वाहू लागते. तोन्ले सापच्या टोकाचे सरोवर सुमारे २,५०० चौरस किलोमीटरवरून मोठ्या पुरात १५,००० पर्यंत पसरते. प्रवाहाबरोबर माशांची अंडी आणि पिल्ले पाण्यात बुडालेल्या जंगलात शिरतात, तिथे खातात, वाढतात. पाणी परतू लागले की मासे बाहेर निघतात. पात्रात ओळीने नांगरलेली शंकूच्या आकाराची मोठी जाळी, म्हणजे ‘दाय’, त्यांना धरतात. पौर्णिमेच्या आधीच्या दिवसांत सर्वाधिक मासळी येते. त्यातली बरीचशी मीठ लावून, आंबवून ‘प्राहोक’ केली जाते आणि घराघरांत वर्षभर पुरते.

पूर उशिरा आला किंवा लवकर ओसरला, तर जंगल कमी दिवस बुडते आणि माशांची वाढ खुंटते. वरची धरणे पावसाळ्यात पाणी धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात सोडतात. त्यामुळे सरोवराच्या कडेची सखल भागातली झाडे कोरडी पडतच नाहीत आणि मरतात. माशांना धरण ओलांडता यावे म्हणून बांधलेल्या पायऱ्यांवरही इथे फार भरवसा ठेवता येत नाही. ती कल्पना मुळात वर उसळी मारणाऱ्या सामन माशांसाठी रुजली. मेकाँगमध्ये शेकडो जाती आहेत, त्यांची पिल्ले प्रवाहावर तरंगत खाली येतात. जलाशयाच्या संथ पाण्यात ती तळाला बसतात आणि मरतात.

म्हणून अलीकडे मोजमाप बदलले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, १,००० किलोमीटरपेक्षा लांब नद्यांपैकी फक्त ३७ टक्के पूर्ण लांबीभर मोकळ्या वाहतात. मार्च २०२३ मध्ये अल्बानियाने व्योसा नदी उपनद्यांसह राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केली. त्यात शुशिका ही उपनदीही आहे. तिच्या उगमाचे पाणी किनाऱ्यावरच्या गावांकडे नळाने वळवण्याची योजना वादात सापडली.