पाटीवरचे १२७, भिंतीतले २३०

मामा सौदीहून सुटीवर रत्नागिरीला यायचा, तेव्हा खोकी उघडायचा मान आम्हा पोरांचा. एकदा त्यातून रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन निघाला. त्याच्या पाठीमागे खाच असलेली एक काळी चकती होती आणि तिच्याभोवती आकडे: ११०, १२७, २२०, २४०. मामाने खाचेत चार आण्याचं नाणं घालून चकती २४०वर आणली आणि मगच पिन लावू दिली. त्याच खोक्यातल्या मिक्सरला मात्र चकती नव्हती. मामीने दुसऱ्या दिवशी तो सरळ बोर्डाला लावला. मोटर एकदाच किंचाळली, जळक्या वार्निशचा वास घरभर पसरला आणि मिक्सर कायमचा गप्प झाला. तळाच्या पाटीवर लिहिलं होतं: १२७ व्होल्ट, ६० हर्ट्‌झ.

जगात सगळीकडे एकच व्होल्टेज, म्हणजे विजेचा एकच दाब, का नाही, याचं मूळ दिव्यात आहे. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजघर सुरू झालं. त्यातून सुमारे ११० व्होल्टचा एकदिश प्रवाह घरोघरी जाई, कारण त्या काळच्या कार्बनच्या तंतूच्या दिव्याला तेवढाच दाब नीट मानवत होता. अडचण तांब्याची होती. दाब कमी म्हणजे प्रवाह जास्त, प्रवाह जास्त म्हणजे तारा जाड.

बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९मध्ये यावर धाडसी तोड काढली आणि पुरवठा २२० व्होल्टवर न्यायचं ठरवलं. दाब दुप्पट केला की तेवढीच वीज निम्म्या प्रवाहात जाते आणि त्याच तारेतलं नुकसान चौथ्या हिश्श्यावर येतं. तांब्यात वाचलेल्या पैशातून ग्राहकांची उपकरणं बदलण्याचा खर्च भरून निघाला. युरोप हळूहळू त्याच वाटेने गेला. अमेरिकेत तोवर ११०ची उपकरणं इतक्या घरांत पोचली होती की मागे फिरणं जड झालं. तिथला आकडा पुढे १२०पर्यंत सरकला, एवढंच.

आपल्याकडे वीज ब्रिटिश अमलात आली, त्यामुळे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ हे आपलं घराणं झालं. तीन गोल पिनांचा प्लगही तिकडचाच. ब्रिटनने १९४७ नंतर चौकोनी पिना स्वीकारल्या, आपण गोलच ठेवल्या.

हर्ट्‌झची गोष्ट निराळी आहे आणि लोक तिकडे फार कमी लक्ष देतात. घरातला प्रवाह सेकंदाला जितक्या वेळा उलटसुलट फेरी मारतो, तो हा आकडा. १८९०च्या दशकात टोकियोने जर्मन बनावटीची ५० हर्ट्‌झची जनित्रं घेतली, तर ओसाकाने अमेरिकन, ६० हर्ट्‌झची. जपान आजही फुजी नदीच्या आसपास दोन भागांत विभागलेला आहे. २०११च्या भूकंपानंतर पूर्वेला विजेची टंचाई झाली, तेव्हा पश्चिमेकडची वीज हवी तेवढी तिकडे वळवता आली नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्‌झ नाही. म्हणून विजेच्या ठेक्यावर चालणारं ६० हर्ट्‌झचं जुनं घड्याळ आपल्याकडे ट्रान्सफॉर्मर लावूनही तासाला दहा मिनिटं मागे पडतं.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा प्रश्न एसएमपीएसने, म्हणजे नव्या प्रकारच्या पॉवर सप्लायने सोडवला. आधीच्या संगणकांच्या पाठीमागे ११५/२३०चा छोटा लाल खटका असायचा. आता बहुतेक लॅपटॉप आणि मोबाइल चार्जरवर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ असं छापलेलं असतं आणि ते कुठेही चालतात.

गरम होणाऱ्या वस्तूंना हे सुख मिळालेलं नाही. मुलीकडून अमेरिकेहून येणारा इलेक्ट्रिक कुकर घ्या: १२० व्होल्ट, १००० वॉट. कॉइल उष्णता देते ती दाबाच्या वर्गाच्या पटीत. म्हणजे तीच कॉइल २३०वर लावली तर ३६०० वॉटच्या वर जाईल, जळेपर्यंत. त्याला हजार वॉटहून मोठा स्टेप-डाऊन, म्हणजे दाब उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो उचलायला दोन्ही हात लागतात. विमानतळावर मिळणारं साधं अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतं. व्होल्टेजला ते हातही लावत नाही. हे विकताना ठळक सांगितलं जात नाही, याचा मला मनापासून राग येतो. मामीच्या मिक्सरलाही नेमकी तशीच पिन जोडलेली होती.

सौदी सरकारने २०१०मध्ये १२७ सोडून घरगुती पुरवठा २३० व्होल्टवर नेण्याचा निर्णय घेतला आणि हे काम टप्प्याटप्प्याने, पंचवीसेक वर्षांत करायचं ठरवलं. हर्ट्‌झ मात्र ६०च राहिले. कोकणातल्या माळ्यांवर अजून १२७ची पाटी असलेली यंत्रं पडून आहेत. ज्या देशातून ती आली, तिथल्या नव्या घरांतही ती आता सरळ भिंतीला लावता येणार नाहीत.