चौतीस घोड्यांचा हिशेब

पुण्यात कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात विरघळायच्या आत प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" हायब्रिड गाड्यांची चर्चाही आपल्याकडे याच प्रश्नाभोवती फिरत आली आहे. २०१० साली केपीआयटी या पुण्याच्याच कंपनीने भारत फोर्जच्या जोडीने, जुन्या गाड्यांना बसवता येईल असा 'रेव्होलो' नावाचा हायब्रिड संच दाखवला. तेव्हाही सांगण्यासारखी गोष्ट एकच होती, पेट्रोल वाचेल. त्यामुळे २०१९ मध्ये लॅम्बोर्गिनीने 'सियान' ही हायब्रिड सुपरकार आणली, तेव्हा तिचे आकडे जरा चक्रावून टाकणारे होते. साडेसहा लिटरचं, बारा सिलिंडरचं, ७८५ अश्वशक्तीचं इंजिन आणि त्याच्या जोडीला विजेची मोटर फक्त ३४ अश्वशक्तीची. कंपनी १९६३ सालची, म्हणून गाड्याही ६३च. उघड्या छताच्या आणखी १९ नंतर निघाल्या. ज्या गाडीत ७८५ घोडे आधीच जुंपलेले आहेत, तिला आणखी ३४ कशाला हवेत?

गिअर बदलताना क्लच सुटतो आणि इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो. हा खंड सेकंदाच्या शतांशांत मोजायचा असतो, पण जोरात पळणाऱ्या गाडीत तो पाठीला कळतो. सियानच्या गिअरबॉक्समध्ये एकच क्लच आहे, त्यामुळे हिसका जरा जास्तच. ही छोटी मोटर गिअरबॉक्समध्येच बसवली आहे. इंजिन सुटलेलं असतं तेवढ्या क्षणापुरता चाकांना ती रेटा देते आणि हिसका बुजवते. १३० किलोमीटर वेगापर्यंत ती पिकअपलाही हातभार लावते, त्यापुढे बाजूला होते. पार्किंगमध्ये गाडी मागेपुढे करायचं कामही तिच्याकडेच आहे. ३४ घोड्यांचं खरं काम हे असं, इंजिन जिथे कमी पडतं तेवढीच फट भरायची.

आता या मोटरला वीज कुठून द्यायची? सरळ उत्तर लिथियम-आयन बॅटरी. सियानच्या इंजिनिअरांनी ते घेतलं नाही. त्यांनी सुपरकपॅसिटर घेतला.

त्याचं कारण समजायला थोडं गणित करू. १६०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यात साधारण ६१७ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. महावितरणच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. म्हणजे एवढ्या महागड्या गाडीचा तो सगळा आवेश जेमतेम एका युनिटचा सहावा हिस्सा! ऊर्जा किरकोळ आहे. अडचण वेळेची आहे. करकचून ब्रेक मारला तर ती गाडी तीनेक सेकंदांत थांबते, आणि ६१७ किलोज्यूल तीन सेकंदांत परत घ्यायचे म्हणजे २०० किलोवॅटहून जास्त दराने घ्यायचे. सियानच्या मोटरची ताकद आहे २५ किलोवॅट. त्यामुळे जोरदार ब्रेकमधली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकच्या चकत्यांतच जाते. हाती लागते ती थोडी, पण तीही झटक्यात घ्यावी आणि पुढच्या वळणाला झटक्यात परत द्यावी लागते.

बॅटरीला ही घाई मानवत नाही. तिच्यात लिथियमचे आयन इलेक्ट्रोडच्या आत, थेट त्याच्या रचनेत शिरतात आणि तसेच बाहेर पडतात. त्याला वेळ लागतो, घाई केली तर सेल तापतो, आणि हजारो फेऱ्यांनंतर रचनाच थकते. सुपरकपॅसिटरमध्ये आयन आत शिरत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. माळ्यावर ठेवलेलं सामान आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवलेली छत्री यांच्यात जो फरक, तोच हा. खुंटीवर फार काही मावत नाही, पण हात घातला की वस्तू हाताशी.

मावत किती नाही? चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये एका किलोला १५० ते २५० वॅट-तास राहतात, नेहमीच्या सुपरकपॅसिटरमध्ये पाच ते दहा. जे मावतं, तेही इलेक्ट्रोडच्या सच्छिद्र कार्बनमुळे. या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅमला हजार चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग असतो, आणि तो बनवायचा एक जुना, नावाजलेला कच्चा माल म्हणजे नारळाची करवंटी. सियानची मोटर-व्यवस्था सगळी मिळून ३४ किलोची. अश्वशक्तीमागे एक किलो. तेवढ्याच वजनाच्या बॅटरीपेक्षा तिप्पट ताकद मिळते, असा कंपनीचा दावा आहे.

आता हीच गाडी लोणावळ्याहून खोपोलीला उतरवा. उंचीचा फरक साधारण साडेपाचशे मीटर. १६०० किलोच्या गाडीची स्थितिज ऊर्जा तेवढ्यात २.४ युनिटने उतरते. वारा आणि टायर आपला वाटा घेतात, तो सोडून देऊ. फेरारीच्या 'लाफेरारी'मधली बॅटरी २.३ युनिटची आहे. कागदावर तरी आख्खा बोरघाट तिच्यात बसला! सियानचा सुपरकपॅसिटर मात्र पहिल्या एक-दोन वळणांतच गच्च भरेल आणि उरलेला घाट ब्रेकच्या चकत्यांना सोसावा लागेल. लांब उतारासाठी तो बनलेलाच नाही. लागोपाठ ब्रेक, लागोपाठ पिकअप, असा रस्ता त्याला हवा.

बॅटरीचं दुसरं दुखणं वजन. मॅक्लारेनच्या 'पी१'ची (२०१३ ते २०१५, एकूण ३७५ गाड्या) गोष्ट इथे सांगायलाच हवी. तिचा कार्बन फायबरचा ढाचा, छतासकट, ९० किलो. बॅटरी ९६ किलो. ज्या सांगाड्यात माणसं बसतात त्याच्यापेक्षा बॅटरी जड! आणि वजन एकटं येत नाही. गाडी जड झाली की ब्रेक मोठे लागतात, मोठ्या ब्रेकना मोठी चाकं, त्यांना दणकट सस्पेन्शन. उलटही तितकंच खरं. एका ठिकाणी वाचवलेला किलो इतरत्र आणखी काही ग्रॅम वाचवतो. म्हणून हायब्रिड सुपरकारमध्ये वीज आणि कार्बन फायबर हे दोन वेगळे विषय नाहीतच. एकाने वाढवलेलं वजन दुसऱ्याने भरून द्यायचं असतं.

कार्बन फायबरची सुरुवात होते पॉलिॲक्रिलोनायट्राइलच्या धाग्यापासून, म्हणजे ज्या घराण्यातून ॲक्रिलिकचे स्वेटर येतात त्यातूनच. हा धागा आधी दोन-तीनशे अंशांवर हवेत भाजतात. मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या पुढे नेतात. जळायला ऑक्सिजन नाही, त्यामुळे नायट्रोजन, हायड्रोजन वगैरे निघून जातात आणि मागे राहतो जवळजवळ निव्वळ कार्बन. निम्मं वजन भट्टीतच जातं, किंमत वाढण्याचं हेही एक कारण. एका तंतूची जाडी पाच ते दहा मायक्रॉन, केसाच्या दहाव्या भागाएवढी. असे हजारो तंतू विणून रेझिनमध्ये, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, बसवले की जो पदार्थ मिळतो त्याची घनता १.६च्या आसपास, पोलादाची ७.८५, ॲल्युमिनियमची २.७.

भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये फायबरग्लासचं काम पाहिलं असेल तर पद्धत ओळखीची वाटेल: साचा, त्यावर मॅट, वरून रेझिन, रोलर फिरवून बुडबुडे काढायचे. 'ॲव्हेंटाडोर' या आपल्या आधीच्या गाडीच्या ढाच्यासाठी (सियान त्याच पायावर उभी आहे) लॅम्बोर्गिनीने कोरडं कार्बन कापड बंद साच्यात घालून दाबाने रेझिन सोडण्याचं तंत्र वापरलं. ढाचा उतरला १४७.५ किलोचा. पुढच्या-मागच्या फ्रेमसकट ही रचना एक अंशाने पिळायला ३५,००० न्यूटन-मीटर लागतात. एक मीटरच्या दांड्याच्या टोकाला साडेतीन टन टांगल्यासारखं. पण ही ताकद तंतूंच्या दिशेतच असते, आडव्या दिशेला सगळा भार रेझिनवर. म्हणून डिझायनर प्रत्येक थर कुठल्या कोनात ठेवायचा ते ठरवतो. पत्र्याच्या कामात ही डोकेदुखी नाही. शिवाय पत्रा वाकतो, पोचा दिसतो, ठोकून काढता येतो. कार्बन फायबर बाहेरून धड दिसत असतानाही आतले थर सुटलेले असू शकतात, आणि ते शोधायला अल्ट्रासाउंड लागतं. पुण्यातल्या स्पीडब्रेकरांचा विचार केला तर ही बाब विसरण्यासारखी नाही.

सियानमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र मागच्या बाजूला आहे. इंजिन थंड ठेवणाऱ्या झडपा तिथे आपोआप उघडतात, आणि त्यांना मोटरही नाही, वायरही नाही. उष्णता लागली की आकार बदलणाऱ्या पदार्थाचे भाग त्यांत बसवले आहेत. एक्झॉस्ट तापला की झडपा फिरतात. अशा पदार्थांत निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू सर्वात प्रसिद्ध. गरम झाला की तो 'शिकवलेल्या' आकारात परत येतो, कारण त्याच्या स्फटिकांची मांडणीच तापमानानुसार बदलते. जी मोटर बसवलीच नाही, तिचं वजन शून्य.

लॅम्बोर्गिनीने हा सुपरकपॅसिटर २०२१च्या नव्या 'काउंटाश'मध्ये पुन्हा वापरला, ११२ गाड्यांत. २०२३च्या 'रेव्हुएल्टो'मध्ये मात्र कंपनी लिथियम बॅटरीकडे वळली: ३.८ युनिटची बॅटरी, तीन मोटरी, सगळं मिळून १०१५ अश्वशक्ती. शहरात थोडं अंतर निव्वळ विजेवर जायचं, तर खुंटी पुरत नाही, माळाच लागतो.

सुपरकपॅसिटरला शोभेल असा रस्ता खरं तर स्वारगेट ते कात्रज. पंधरा टनांची भरलेली बस ताशी ४० किलोमीटरवरून थांबली तर सुमारे ०.२६ युनिट मोकळी होते, म्हणजे शंभराच्या वेगाने पळणाऱ्या त्या सुपरकारच्या दीडपट. आणि बस दर थोड्या अंतरावर, दिवसभर थांबते. शांघायमध्ये २००६ पासून सुपरकपॅसिटरवरच्या बस धावल्या. थांब्यावर प्रवासी चढता-उतरताना छतावरचा दांडा वर जायचा, चार्ज घ्यायचा आणि बस पुढच्या थांब्याकडे निघायची.