नंद्याच्या पाठीवरचं कोडं

पानठेल्यावर खर्रा बांधून झाला की गिऱ्हाईक विचारतं, ‘स्कॅनर कुठाय?’ वास्तविक स्कॅनर त्याच्याच हातात असतो, पाटीवर असतो तो क्यूआर कोड. पण शब्द रुळला तो रुळला. २०१६ साली यूपीआय आलं आणि त्यानंतर हे काळे-पांढरे ठिपके म्हणजे पैसे, असंच गावोगाव झालं. म्हणून यंदा तान्ह्या पोळ्याला पोरांच्या लाकडी नंद्यांच्या पाठीवर आम्ही कोड चिकटवले, तर बोजारा, म्हणजे पोरांची ओवाळणी, द्यायला पुढं आलेल्या एका आजीनं हात आखडता घेतला. ‘आता नंदीबी फोनवर पैसे घेते काय बापा?’ घेत नव्हता. कोड उघडला की एक कोडं यायचं आणि उत्तरात पुढच्या घराची खूण.

खरं तर पैशाशी या ठिपक्यांचं नातं अगदी अलीकडचं, खेळाशी जुनं. १९७४ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड दुकानात पहिल्यांदा वाचला गेला. त्याची अडचण अशी, की उभ्या रेघांत जेमतेम वीसेक अक्षरं मावत. जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांच्या एकेका खोक्यावर कामगारांना कितीतरी बारकोड वाचावे लागत. तिथल्या मासाहिरो हारा यांना उपाय सुचला तो जेवणाच्या सुट्टीत ‘गो’ खेळताना. चौकटींच्या पटावर मांडलेल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आडवी माहिती देतात तशी उभीही देतात. १९९४ साली क्यूआर कोड बाहेर आला.

त्याच्या तीन कोपऱ्यांतले चौकोनी डोळे मला सगळ्यांत आवडतात. हारांच्या चमूनं पत्रकं, मासिकं, खोकी असा छापील माल धुंडाळून काळ्या-पांढऱ्याचं सर्वांत कमी आढळणारं प्रमाण शोधलं. ते निघालं १:१:३:१:१. डोळ्याच्या मध्यातून कोणत्याही दिशेनं रेघ ओढा, हेच प्रमाण मिळतं, त्यामुळे कोड उलटा-तिरपा असला तरी यंत्राला सापडतो. शिवाय कारखान्यात तेल-ग्रीस लागणारच, म्हणून ३० टक्क्यांपर्यंत मजकूर खराब झाला तरी वाचता यावा अशी सोय केली. कलावंतांनी नंतर कोडाच्या मधोमध चेहरे, फुलं, बोधचिन्हं बसवली ती या सवलतीच्या जिवावर. म्हणजे ती चित्रं यंत्राच्या लेखी डागच. कंपनीनं पेटंट घेतलं, पण वापरावर हक्क गाजवला नाही. तो गाजवला असता तर आमच्या नंद्यांपर्यंत ही गोष्ट आली नसती.

खेळवाले मात्र क्यूआरसाठी थांबले नव्हते. १९९१ सालीच जपानमध्ये ‘बारकोड बॅटलर’ नावाचं खेळणं आलं. घरातल्या पाकिटांवरचे बारकोड कापून पोरं ते यंत्रात सरकवत आणि त्या आकड्यांतून एखादा लढवय्या तयार होई, कुणी दणकट, कुणी पाप्याचं पितर. पाकीट छापणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसलेला अर्थ खेळणाऱ्यानं काढायचा, ही या साऱ्या कलेची मुळी. पुढं १९९९च्या सुमारास हिरोकाझू कातो यांच्या एआरटूलकिट या संगणक-प्रणालीनं कॅमेऱ्यातून पाहताना कागदावरच्या काळ्या चौकटीवर त्रिमितीय चित्र उभं केलं. बार्सिलोनात टेबलावर ठोकळे सरकवून संगीत वाजवणारं ‘रिअॅक्टेबल’ घडलं, त्याच्या ठोकळ्यांच्या बुडाला अशाच खुणा होत्या. २०१२ साली सोलमध्ये एका दुकानानं फक्त दुपारच्या उन्हात सावलीतून जुळून येणारा कोड उभारला. जाहिरातच ती, पण सुरेख.

आपल्याकडे रणजितसिंह डिसले गुरुजींनी सोलापूरच्या परितेवाडीत पाठ्यपुस्तकांना कोड जोडले, २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आता बालभारतीच्या पुस्तकावर कोड दिसला तर कुणी वळूनही बघत नाही.

गावात खेळ रचताना पहिला प्रश्न नेटवर्कचा. बहुतेक कोडांत नुसता इंटरनेटवरचा पत्ता असतो आणि मजकूर दुसरीकडे. आम्ही मजकूरच कोडात भरला, म्हणजे टॉवर असो-नसो. पण इथं आपली लिपी महाग पडते. जपान्यांनी कांजीसाठी, म्हणजे त्यांच्या चिनी वळणाच्या अक्षरांसाठी, वेगळी सोय करून ठेवली, देवनागरीला तशी नाही. काना, वेलांटी, अनुस्वार सगळे सुटे मोजले जातात आणि प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा, खातात. ‘नांगर’ एवढ्या शब्दाला १५. लांबलचक कोडं घातलं की ठिपके बारीक होतात आणि स्वस्तातल्या फोनला ते दिसत नाहीत. कोडी आखूड केली, ती उलट बरी झाली.

फजिती झाली ती वेगळ्याच कारणानं. पोरांनी कोड काळ्या कडेला लागून इतके नेटके कापले की एकही उघडेना. भोवती चार ठिपक्यांएवढी कोरी जागा लागते, हे मी सांगायलाच विसरलो होतो. कडेला पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या डकवून निभावलं.

शेवटचा कोड अंगणात रांगोळीनं काढायचा होता. नेहमीच्या क्यूआरमधला सगळ्यांत लहान २१ बाय २१, म्हणजे ४४१ घरं. ठिपक्यांच्या रांगोळीत हात बसलेल्या बायांना त्यात काहीच अवघड नव्हतं. फक्त सवयीनं त्या काळ्या घरांतच रांगोळी भरू लागल्या. तसं केलं तर कोड उलटा होतो आणि बरेच फोन तो नाकारतात. मग शेणानं सारवलेली जमीन काळ्याच्या जागी ठेवली आणि पांढरी घरं भरली, भोवतालच्या कोऱ्या पट्ट्यासकट. जास्तीत जास्त डाग सोसणाऱ्या प्रकारात या आकारात देवनागरीची दोनच चिन्हं मावतात, आकडे मात्र १७, तेही इंग्रजी. म्हणून पुढच्या घराजवळच्या विजेच्या खांबाचा नंबर घातला. कोंबड्या मधून दोनदा फिरून गेल्या, तरी तो उघडला. तीन डोळ्यांना मात्र डागाची सवलत नाही, म्हणून तिन्ही कोपऱ्यांवर एकेक पोरगं वासरं हाकलत बसलं होतं.