अष्ठीला ग्रंथीचे मापन (कुत्रा)

नर कुत्र्याच्या अष्ठीला ग्रंथीचा आकार क्ष-किरण, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनने ठरवण्याची पद्धत. ही ग्रंथी मूत्राशयाच्या मानेपाशी मूत्रमार्गाला वेढून असते. दवाखान्यात तिला सर्रास प्रोस्टेट म्हणतात. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या, म्हणजे लघवी अडण्याच्या, प्रकारांमध्ये वाताष्ठीला येते. मलमार्ग व बस्ती (मूत्राशय) यांच्यामध्ये वायूने होणारी, अष्ठीलेसारखी म्हणजे गोल दगडासारखी घट्ट गाठ, असे तिचे वर्णन आहे. जागा जुळते म्हणून ही गाठ म्हणजे प्रोस्टेटच, असे काही अभ्यासक मानतात. परंतु तेथे वर्णन विकाराचे आहे, निरोगी अवयवाचे नाही. त्यामुळे अवयवाला हे नाव मागाहून मिळाले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

निर्बीजीकरण न झालेल्या नरांत साधारण पाच-सहा वर्षांनंतर ही ग्रंथी बहुधा वाढतेच. माणसात अशा वाढीने लघवी अडते. कुत्र्यात ग्रंथी बाहेरच्या बाजूने फुगून गुदाशयावर दाब आणते, म्हणून कुंथणे आणि चपटी विष्ठा ही लक्षणे अधिक दिसतात. सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः सांगोला-मंगळवेढ्याच्या माळरानावर, पैदाशीसाठी राखलेले कारवान या शिकारी जातीचे नर वृषणांसह म्हातारे होतात. त्यांच्याबाबत हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

क्ष-किरणचित्रात कुत्र्याला कुशीवर निजवून त्रिकास्थीच्या (कण्यातील शेपटीआधीच्या हाडाच्या) पुढच्या कडेपासून जघनास्थीपर्यंतचे (ओटीपोटाखालच्या हाडापर्यंतचे) अंतर मोजतात; ग्रंथीचा व्यास त्याच्या ७० टक्क्यांहून जास्त भरला तर वाढ मानतात. ९० टक्क्यांपुढे गळू, पुटी (द्रव भरलेली पिशवी) किंवा अर्बुदाची (ट्यूमरची) शंका घ्यावी लागते. मापपट्टी त्याच कुत्र्याच्या हाडांची असल्याने लहानमोठ्या जातींना ती चालते. सीटीमध्ये सहाव्या कटिकशेरुकेच्या (कमरेच्या मणक्याच्या) लांबीशी तुलना करतात, तीही याच विचाराने.

सोनोग्राफीत शिश्नाच्या बाजूने, केस काढलेल्या पोटावर प्रोब (यंत्राचा हातात धरायचा भाग) ठेवून उभ्या छेदात लांबी व जाडी, मग प्रोब ९० अंश फिरवून रुंदी घेतात. मूत्राशय मध्यम भरलेले असले की ग्रंथी श्रोणीतून (कटीच्या हाडांच्या पोकळीतून) पुढे सरकते आणि नीट दिसते. नर मात्र दवाखान्याच्या दारातल्या पहिल्याच खांबावर मूत्राशय रिकामे करतो. सोलापूरच्या उन्हात प्रवास करून आलेल्या कुत्र्याला सावलीत बसवून, पाणी पाजून थोडे थांबलेले बरे. मागची कड जघनास्थीच्या सावलीत लपते, म्हणून लांबीचे माप जपून घ्यावे.

आकारमानाच्या सूत्रांवर एकमत नाही. लंबगोल मानून तिन्ही मापांचा गुणाकार ०.५२३ ने गुणण्याची रीत जुनी आहे. कामोलपटाना व सहकाऱ्यांनी २००० मध्ये दिलेल्या सूत्रात गुणाकाराला २.६ ने भागून १.८ मिळवतात. ग्रंथी ४ × ३.५ × ३ सेंमी. असेल तर पहिल्या रीतीने सुमारे २२, दुसऱ्या रीतीने सुमारे १८ घन सेंमी. उत्तर येते. शिवाय प्रत्येक मापात १० टक्के चूक झाली तर आकारमान तब्बल ३३ टक्क्यांनी फुगते. रुएल व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वजन व वय धरून कमाल मापांची समीकरणे दिली. त्यांनुसार २५ किलो वजनाच्या, सहा वर्षांच्या कुत्र्याची लांबीची कमाल मर्यादा सुमारे ५.५ सेंमी. येते. जातीचा भेद मात्र त्यांत धरलेला नाही. स्कॉटिश टेरियरची ग्रंथी तेवढ्याच वजनाच्या इतर जातींपेक्षा कितीतरी मोठी असते, हे लक्षात घेता कारवानासाठी असा एकच आकडा धरून बसू नये. त्याच कुत्र्याची, त्याच सूत्राने, काही महिन्यांनी पुन्हा घेतलेली मापे जास्त उपयोगी पडतात.

वृषणे काढल्यावर ग्रंथी काही आठवड्यांतच आक्रसते. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ खाली निर्बीजीकरण होऊन कान खुणावलेल्या भटक्या नरात ती लहानच दिसायला हवी. तशा नरात ती मोठी, ओबडधोबड किंवा चुनखडीचे ठिपके असलेली दिसली, तर साध्या वाढीऐवजी कर्करोगाचा विचार आधी करतात.