संगणकाचा स्वतःचा आवाज रेकॉर्ड करताना: लिनक्समधला ‘मॉनिटर’

लिनक्सवर ऑनलाइन व्याख्यान चालू आहे आणि ते जपून ठेवायचं आहे. रेकॉर्डर उघडला, लाल बटण दाबलं, तासाभराने फाइल ऐकली. तर तीत पंख्याची घरघर, कीबोर्डची खटखट आणि त्यामागे कुठेतरी दबलेले वक्ते! हेडफोन लावलेले असतील तर वक्ते मुळीच नाहीत. रेकॉर्डर बिघडलेला नसतो. आपण काहीच न सांगितल्यामुळे त्याने मायक्रोफोन धरला, एवढंच.

आवाज संगणकाच्या आत असतो तोवर ती निव्वळ आकड्यांची रांग असते. डाव्या आणि उजव्या बाजूसाठी सेकंदाला सहसा प्रत्येकी ४८,००० आकडे. स्पीकरमधून तो हवेत जातो आणि मायक्रोफोनमधून परत आत येतो, तेव्हा आकड्यांची वीज, विजेची हवेतली कंपनं, कंपनांची पुन्हा वीज आणि विजेचे पुन्हा आकडे असा प्रवास होतो. दर टप्प्यावर काहीतरी गळतं आणि खोलीतलं काहीतरी मिसळतं. मूळ आकडे बाहेर पडण्याआधीच त्यांची नक्कल काढता येत असेल, तर हा वळसा कशाला?

ती सोय लिनक्समध्ये आधीपासूनच आहे. ब्राउझर किंवा व्हिडिओ प्लेअर सहसा थेट साउंड कार्डाशी बोलत नाही. मध्ये ध्वनी सर्व्हर असतो. बरीच वर्षं हे काम पल्सऑडिओ करत असे. आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर असतो. फेडोराने तो २०२१ मध्ये ३४व्या आवृत्तीत मूळ मांडणीत घेतला, उबंटूने २२.१० मध्ये. सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र मिसळून बाहेर पाठवायचे, हे सर्व्हरचं काम. बाहेर पडण्याच्या प्रत्येक दाराला, म्हणजे स्पीकर, एचडीएमआय, ब्लूटूथ हेडफोन यांना, तो ‘सिंक’ म्हणतो. आणि प्रत्येक सिंकला एक ‘मॉनिटर’ जोडलेला असतो. नळाला टी बसवून दुसरी तोटी काढतात तसा हा प्रकार, फक्त इथे पहिल्या तोटीचं पाणी थेंबभरही कमी होत नाही. रेकॉर्डरला हा मॉनिटर मायक्रोफोनसारखाच एक इनपुट वाटतो. नावावरून डोळ्यांसमोर पडदा येतो आणि पुष्कळ जण यादीतली ती ओळ तशीच सोडून देतात. तिचा पडद्याशी काही संबंध नाही.

मॉनिटर निवडण्यासाठी पाव्हुकंट्रोल हे छोटं साधन सगळ्यात भरवशाचं. पाइपवायर असला तरी ते चालतं, कारण पाइपवायर पल्सऑडिओची भाषाही बोलतो. ऑडॅसिटी हा रेकॉर्डर वापरणार असाल तर त्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये होस्ट ‘अल्सा’ ठेवा आणि रेकॉर्डिंगचं उपकरण ‘पल्स’ निवडा. ते दिसत नसेल तर ‘डिफॉल्ट’. आता रेकॉर्डिंग सुरू करा आणि ते चालू असतानाच पाव्हुकंट्रोलचा ‘रेकॉर्डिंग’ टॅब उघडा. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रोग्राम प्रत्यक्ष रेकॉर्ड करत नसेल तर हा टॅब रिकामा असतो, आणि इथेच बरेच जण हात टेकतात. टॅबमध्ये ऑडॅसिटीच्या नावाची पट्टी दिसेल आणि तिच्या उजवीकडे एक बटण. त्यावर बहुधा मायक्रोफोनचं नाव असेल. बटण दाबून ‘मॉनिटर ऑफ’ने सुरू होणारी ओळ निवडा, उदाहरणार्थ ‘मॉनिटर ऑफ बिल्ट-इन ऑडिओ अ‍ॅनालॉग स्टिरिओ’. त्याच क्षणी पट्टीखालची पातळी आवाजाबरोबर हलू लागते. ही चाचणीची फाइल टाकून द्या आणि खरं रेकॉर्डिंग पुन्हा सुरू करा. सर्व्हर ही निवड प्रोग्रामच्या नावाने लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी हे सगळं करावं लागत नाही, पण पुढच्या वेळी स्वतःचा आवाज भरायचा असेल तर मायक्रोफोनवर परत यायचं तेवढं विसरू नका.

टर्मिनलची सवय असलेल्यांना रेकॉर्डिंगचा पीएरेकॉर्ड हा आदेश पुरतो. उपकरणाच्या जागी डिफॉल्ट मॉनिटर हे दोन शब्द कॅपिटल अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर आणि दोन्ही टोकांना अ‍ॅट चिन्ह देऊन लिहिले की झालं. सिंकचं लांबलचक नाव शोधावं लागत नाही.

मॉनिटर बरोबर निवडूनही शांतताच रेकॉर्ड होत असेल, तर आवाज नेमका कुठल्या सिंकमधून जातोय ते पाहा. एचडीएमआय केबल जोडली किंवा हेडफोन ब्लूटूथने लागले की सिंक बदलतो, आणि तुम्ही मात्र जुन्याच सिंकच्या मॉनिटरवर कान लावून बसलेले असता. ब्लूटूथ हेडसेटचा आणखी एक त्रास आहे. रेकॉर्डरने चुकून हेडसेटचा मायक्रोफोन उघडला, तर हेडसेट संगीताच्या प्रोफाइलवरून फोनच्या प्रोफाइलवर जातो. चालू असलेला आवाज एकदम डबड्यातून आल्यासारखा, एकेरी आणि चपटा होतो. जुन्या पद्धतीत सेकंदाला ८,००० आणि नव्या पद्धतीत १६,००० आकडे, सहसा एवढीच मजल. अशा वेळी पाव्हुकंट्रोलच्या ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये प्रोफाइल परत एटूडीपीवर, म्हणजे संगीताच्या प्रोफाइलवर, आणा.

आवाज दुहेरी किंवा घुमल्यासारखा येत असेल तर रेकॉर्डरमधली ‘प्लेथ्रू’ची सोय बंद करा. तिच्यामुळे रेकॉर्डर आत आलेला आवाज पुन्हा बाहेर सोडतो, मॉनिटर तोही पकडतो आणि चक्र वाढत जातं.

पातळीचं गणितही आधी बघून घ्यावं. ब्राउझरमधली व्हॉल्यूमची पट्टी खाली असेल तर रेकॉर्डिंगही बारीकच येणार, कारण ती घट मिसळण्याआधीच झालेली असते. स्पीकरच्या व्हॉल्यूमचा परिणाम मात्र यंत्रागणिक वेगळा. काहींवर स्पीकर म्यूट केला तरी मॉनिटरवर पूर्ण आवाज येतो, काहींवर तोही उतरतो. १० सेकंदांची चाचणी घेतली की कळतं. शिखरं उणे ६ डेसिबलच्या आसपास राहिली तर उत्तम. दोन प्रोग्रामांचे आवाज एकत्र बेरीज होऊन शून्याच्या, म्हणजे कमाल पातळीच्या, वर गेले, तर माथे छाटले जातात आणि ती चरचर नंतर धड काढता येत नाही. पाइपवायर सहसा ४८,००० हर्ट्‌झवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या आकड्यांवर, चालतो, म्हणून ऑडॅसिटीतही तोच दर ठेवा. म्हणजे उगाच रूपांतर होत नाही.

या दराने १६ बिट स्टिरिओ डब्ल्यूएव्ही फाइल मिनिटाला साधारण ११.५ मेगाबाइट घेते, तासाला ६९० च्या पुढे. साध्या डब्ल्यूएव्हीची मर्यादा ४ गिगाबाइट, म्हणजे सव्वासहा तासांच्या आत. त्याहून मोठं रेकॉर्डिंग असेल तर फ्लॅक हा फाइलचा प्रकार घ्या. आकडा न् आकडा तोच राहतो आणि जागाही वाचते.

मॉनिटर सगळंच टिपतो हे त्याचं बळ, आणि तीच अडचणही. व्याख्यानाच्या मध्यावर ईमेलची टिंग वाजली की तीही फाइलमध्ये कायमची बसते. सूचना बंद ठेवणं हा साधा उपाय. त्याहून चांगला उपाय म्हणजे नकली सिंक. टर्मिनलमध्ये पीएसीटीएल या सर्व्हरला सूचना देणाऱ्या आदेशाने ‘मॉड्यूल-नल-सिंक’ लोड केलं की कुठल्याच स्पीकरला न जोडलेला एक सिंक तयार होतो. पाव्हुकंट्रोलच्या ‘प्लेबॅक’ टॅबमध्ये फक्त ब्राउझर त्याच्याकडे वळवा आणि रेकॉर्डरला त्याचा मॉनिटर द्या. आता व्याख्यान तुम्हाला ऐकू येणार नाही, कारण ते स्पीकरकडे जातच नाही. ऐकायचं असेल तर त्याच मॉनिटरवर ‘मॉड्यूल-लूपबॅक’ लोड करा, म्हणजे तिथला आवाज स्पीकरकडेही जातो. पाइपवायर असेल तर आवाजाच्या जोडण्या चित्रात दाखवणाऱ्या क्यूपीडब्ल्यूग्राफ या प्रोग्राममध्ये याहून सोपं आहे: ब्राउझरच्या चौकटीतून रेकॉर्डरच्या चौकटीत माउसने दोन तारा ओढायच्या, एक डावीची आणि एक उजवीची, आणि मायक्रोफोनची तार जोडलेली असेल तर ती तोडायची. टर्मिनलमधून केलेला नकली सिंक संगणक पुन्हा सुरू केल्यावर राहत नाही, त्यामुळे काम झाल्यावर तो काढायचा राहिला तरी बिघडत नाही.